धाकू मिस्त्रीचे पंख

आमच्या शेडमधला भुसा आम्ही रोज संध्याकाळी झाडून टाकत असू. किस्से मात्र कोणी झाडले नाहीत, त्यामुळे ते साचत गेले. आता चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "ते विमानाचं सांगा की." मी एक सांगायला घेतो तर त्याच्या मागून दुसरा बाहेर येतो. माझ्या माघारी लोक हेच किस्से तिखटमीठ लावून सांगतात आणि धाकू मिस्त्रीचा विदूषक करून टाकतात. त्याचा मला राग येतो, म्हणून मीच सांगतो.

तीस सालानंतरची गोष्ट. किहीमला सोराबशेठचा बंगला होता. शेठजींनी मुंबईत एक जुनं विमान घेतलं, पायलट सोडून तीन उतारू बसतील एवढं. एकावर एक अशा पंखांच्या जोड्या, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा, आत लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड. मुंबईच्या लोकांना ओहोटीच्या वेळी थेट किहीमच्या पुळणीवर आणून उतरवायचं, असा त्यांचा बेत. पहिल्याच खेपेला विमान ओल्या वाळूत रुतलं, नाक खाली गेलं आणि डाव्या अंगाचे दोन्ही पंख मोडले. शेठजींचा भाचा रुस्तम ते चालवत होता. तो एकटाच होता, आणि तो वाचला.

नवे पंख विलायतेहून यायला सहा महिने लागणार होते. शेठजी म्हणाले, "थळचे लोक अख्खं गलबत उभं करतात, पंख का नाही करणार?" रुस्तमकडे दुरुस्तीचाही परवाना होता, नकाशे होते. मग नारळीच्या वाडीत शेड पडली. लाकडाला थळचा होड्या बांधणारा धाकू मिस्त्री आला, कापडाला रेवसचा शिडं शिवणारा उस्मानचाचा आला, आणि मॅट्रिक झालेला, इंग्रजी येणारा अलिबागचा म्हणून लॉगबुक लिहायला मी आलो.

सरकारी इन्स्पेक्टर पावसाळ्याआधी एकदाच येणार होता. त्याने सर्टिफिकेट दिलं तर विमानात उतारू बसणार. नाही दिलं तर शेड बंद, विमान मोडीत आणि आम्ही आपापल्या घरी. हे शेठजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

*

धाकू मिस्त्री पहिल्या दिवशी आला तो थेट विमानापाशी गेला. विमानाभोवती तीन फेऱ्या मारल्या, मोडका पंख बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला, मग न मोडलेला पंखही वाजवला. रुस्तम कौतुकाने बघत होता.

मिस्त्रीने विचारलं, "यात पानी कुठून शिरतं?"

रुस्तम हसला. "मिस्त्री, ही होडी नाही. हे हवेत असतं. यात पाणी कुठून शिरणार?"

"मग पावूस काय जमिनीतून येतो?"

मिस्त्रीने उजवीकडच्या, म्हणजे शाबूत पंखाच्या टोकाशी कापड चाचपलं आणि म्हणाला, "इथं फाडा." रुस्तम नको नको म्हणत होता, पण शेठजींनी मान हलवली. कापड फाडलं तर आत टोकाला लाकूड काळं पडलेलं. वरून झिरपलेलं पाणी तिथे साठून राहत होतं. मिस्त्रीने अंगठा दाबला तो पेरापर्यंत आत गेला.

ज्या पंखाला काही झालं नाही असं आम्ही समजत होतो, त्याच्यावर रुस्तम मुंबईहून उडत आला होता. त्याने त्या भोकात स्वतःचा अंगठा घालून पाहिला. मग म्हणाला, "दोन्हीकडचे पंख करायचे." काम दुप्पट झालं. मिस्त्रीने नव्या पंखांच्या कापडाला खालून पाणी निथळायला बारीक भोकं ठेवायला लावली. पुढे रुस्तमच्या दुरुस्तीच्या पुस्तकातही तशीच भोकं सापडली, पण तोवर मिस्त्रीने ती पाडून घेतली होती.

*

आता मिस्त्री चुकलाच नाही असं नाही. चुकला, आणि असा चुकला की तशी चूक थळच्या माणसाशिवाय कोणी करणार नाही.

विलायती लाकूड पेट्यांतून आलं. हलकं, पांढरं, गुळगुळीत. मिस्त्रीने आठ दिवस खपून पहिल्या पंखाच्या फासळ्या घडवल्या. होडीचं लाकूड घडवून झालं की त्याला मुशीचं तेल पाजायचं, ही त्याच्या घराण्याची रीत. मुशी हा मासा, आणि त्याच्या काळजाचं तेल लाकडाला लावलं की त्यात पाणी शिरत नाही. तेव्हा मिस्त्रीने सगळ्या फासळ्यांना पोटभर तेल पाजलं आणि उन्हात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी रुस्तम सरस लावायला बसला. होडीला खिळे असतात, विमानाला सरस. तेलावर सरस काही केल्या धरेना. जोडलेली फासळी हातात घेतली की सुटायची. रुस्तमने डोकं धरलं. किहीममधली सगळी मांजरं शेडच्या दारात येऊन बसली होती.

मिस्त्रीला मी समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, उठला, कुऱ्हाड घेतली आणि स्वतः घडवलेल्या फासळ्यांचे स्वतःच्या हाताने तुकडे केले. कोणी तरी म्हणालं, "मिस्त्री, पुसून बघू की." तो म्हणाला, "पुसलेल्यावर मानसं बसवायची न्हाय." मग नव्या पेटीचं झाकण उघडलं.

ते तुकडे फुकट जायला नकोत म्हणून मी पोतंभर घरी नेले. दुसऱ्या दिवशी आमच्या आईने ते आंघोळीच्या बंबात घातले. सोवळ्यातली बाई ती. अर्ध्या तासात अख्ख्या आळीत मासळीबाजार दरवळला. मी संध्याकाळी घरी पोचलो तर आई दारातच उभी. म्हणाली, "नोकरी विमानाची सांगतोस आणि वास बंदराचा आणतोस. खरं काय ते आज कळू दे."

*

उस्मानचाचाचा हात इतका साफ की टाके मोजायला भिंग लागावं. पुस्तकात इंचाला आठ टाके लिहिले होते. रुस्तमने मोजले तर नऊ भरले.

"चाचा, आठच पाहिजेत."

"आठ किताबचे, बेटा. नववा बसनाऱ्याच्या मायसाठी."

रुस्तमने नऊ चालवून घेतले. पण चाचाने पहिला पंख शिवून चढवला तेव्हा मात्र सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कापड जागोजाग सैल. मधे चांगलं वितीएवढं पोट सुटलेलं.

"चाचा, हे काय?"

"पोट ठेवलंय."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पोट न्हाय तर वारा भरनार कुठं?"

चाळीस वर्षं त्या माणसाने शिडं शिवली होती. कापड वाऱ्यासाठी शिवायचं म्हणजे त्याला पोट ठेवायचं, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. रुस्तमने त्याला समोर बसवून कागदावर पंख काढून दाखवला. वारा भरायचा नाही, वरून आणि खालून सरकून जाऊ द्यायचा. चाचा दोन दिवस विचार करत होता. नमाज झाला की पुळणीवर जाऊन हाताचा पंजा वाऱ्यात आडवा धरून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "समजलं. शीड वाऱ्याशी भांडतं. हे त्याला रस्ता देतं."

मग सगळं कापड उसवलं, ताणून पुन्हा शिवलं. त्यावर रुस्तमने उग्र वासाचं वार्निश मारलं आणि ते सुकता सुकता कापड ताशासारखं ताठ झालं. चाचाने त्यावर टिचकी मारली. आवाज ऐकून म्हातारा गालातल्या गालात हसला, आणि दिवसभर जो येईल त्याला टिचकी मारायला लावत होता.

*

पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मुख्य तुळई असते. सगळा भार तिच्यावर. मिस्त्री म्हणाला, "एक जास्तीची तुलई बनवनार आन मोडनार."

"मोडणार कशाला?" शेठजींनी विचारलं.

"मोडल्याबिगर कसं कलंल ती कुठं मोडते?"

रुस्तमला हे पटलं. शेठजींना मात्र त्यात भलतंच दिसलं. आपल्या पंखाची मजबुती लोकांना दाखवायची ही नामी संधी! त्यांनी किहीमच्या बंगल्यांतल्या पंधरावीस प्रतिष्ठित मंडळींना चहाला बोलावलं. खुर्च्या मांडल्या, बिस्किटं ठेवली. तुळई लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर मिठागरातून आणलेली मिठाची पोती एक एक चढवायला सुरुवात झाली.

नकाशात लिहिलेलं वजन झालं. तुळई वाकली, पण टिकली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शेठजी उठून आभार मानायला लागले.

मिस्त्री म्हणाला, "आनखी पोती आना."

शेठजी दबक्या आवाजात म्हणाले, "अरे बाबा, बस कर ने."

मिस्त्रीने ऐकलं नाही. आणखी चार पोती. आणखी दोन. तुळई करकरली. त्याच्या पुढचं पोतं ठेवलं आणि बंदूक सुटावी तसा आवाज होऊन तुळई मधोमध फुटली. मीठ बिस्किटांवर उडालं. एका बाईंचा कप पडला. शेठजी कपाळाला हात लावून खाली बसले.

मिस्त्री धावत गेला, दोन्ही तुकडे उचलले आणि आनंदाने रुस्तमला दाखवायला लागला. लाकूड फाटलं होतं, पण सरसाचा सांधा जसाच्या तसा होता. त्याला आणि रुस्तमला जे पाहिजे होतं ते नेमकं मिळालं होतं. बाकी कोणाला काही कळलं नाही. ज्यांनी पहिल्या फेरीची तिकिटं सांगून ठेवली होती, त्यांनी तिथल्या तिथे नावं काढून घेतली.

सगळे निघून गेल्यावर एक वृद्ध पारशीणबाई मागे राहिल्या. साडीवरचं मीठ झटकत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बधानी सामे तोडीने बतायवुं. मारी सीट लखी लो." हा माणूस सगळ्यांसमोर मोडून दाखवतो, तर माझी जागा लिहून ठेव, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी लिहिली.

*

पंख पुरे झाले, कापड चढलं, वार्निश झालं. इन्स्पेक्टर यायला आठ दिवस उरले. त्या संध्याकाळी मिस्त्री हत्यारं पुसून ठेवत होता. एक पटाशी कमी भरली.

सगळ्यांनी शेड पालथी घातली. भुसा चाळला. पटाशी नाही. मिस्त्री पंखांकडे बघायला लागला आणि उस्मानचाचाने ते ओळखलं.

"धाकू, बघ हां. माझ्या कापडाला हात लावायचा न्हाय."

"चाचा, पटाशी आत र्‍हायली असंल तर?"

"तू आत ठेवशील?"

"मी न्हाय ठेवनार. पन न्हाय ठेवली हे कुठं ठावं हाय?"

ती पटाशी फक्त खालच्या पंखांना लागली होती, म्हणून मिस्त्रीने खालच्या दोन्ही पंखांचं कापड बुडाकडून हातभर उसवलं. चाचाचं तीन दिवसांचं काम गेलं. आत कंदील धरून कोपरा न कोपरा पाहिला. पटाशी सापडली नाही. ती दुसऱ्या दिवशी शेठजींच्या स्वयंपाकघरात सापडली. रुस्तमने बिस्किटांचा डबा उघडायला ती नेली होती.

आम्हाला वाटलं आता मिस्त्री भडकणार. तो म्हणाला, "बरं झालं. काल मना वाटत व्हतं आत काय न्हाय. आज ठावं हाय." रुस्तमने त्या दिवशी सगळ्यांसमोर कान पकडले. चाचा मिस्त्रीशी चार दिवस बोलला नाही, पण उसवलेलं कापड त्याने ओहोटी-भरती न बघता बसून शिवलं आणि तेव्हाही टाके नऊच घातले.

*

इन्स्पेक्टरसाहेब आले त्या सकाळी शेठजींना मुहूर्ताची हुक्की आली. थळला नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडतात हे त्यांनी पाहिलं होतं. कोणाला कळायच्या आत त्यांनी नारळ उचलला आणि विमानाच्या पुढच्या फळीवर हाणला. नारळ फुटला नाही. फळीला भोक पडलं.

रुस्तमने तासाभरात तिथे ठिगळ बसवलं. नियम असा की जे जे होईल ते लॉगबुकात लिहायचं. मी लिहिलं: नुकसान, नाकाच्या फळीला भोक, कारण, नारळ.

साहेब तपासायला बसले. पानं उलटता उलटता थांबले, चष्मा वर केला आणि मला इंग्रजीत विचारलं, "नारळ लागला तेव्हा विमान किती उंचीवर होतं?"

*

त्याच दिवशीचं हे शेवटचं.

साहेब गोरे, उंच, कडक. त्यांना दुपारच्या भरतीला रेवसहून लाँच पकडायची होती. पुढच्या आठवड्यापासून पावसाळ्यासाठी लाँच बंद होणार होती, म्हणजे आज काम झालं नाही तर झालंच नाही. सकाळभर ते पंखाचा सांधा न सांधा बघत होते आणि मिस्त्री त्यांच्या मागे मागे फिरत प्रश्न विचारत होता. सगळे प्रश्न मी इंग्रजीत करून देत होतो. शेवटी साहेब वैतागले.

तपासणी झाली. आता उड्डाण. नियमाप्रमाणे पहिल्या उड्डाणात माणूस बसवायचा नाही. पायलट एकटा, आणि उतारूंच्या जागी तितक्याच वजनाची वाळूची तीन पोती. पोती चढवली. मिस्त्री पुढे आला.

"साहेबांना सांगा, आमच्या थलला नवी होरी पयल्यांदा समिंदरात जाते, तवा ती बांधनारा नालेवर बसतो. तो न्हाय बसला तर त्या होरीत कोनी पाय ठेवत न्हाय."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "नियमात बसत नाही."

मिस्त्रीने मला विचारलं, "होरी बुडाली तर मानूस पवतो. हे पडलं तर कशात पवायचं? मंग बांधनाऱ्याने खाली र्‍हायचं का?" हेही मी सांगितलं. साहेबांनी पोत्यांकडे बोट दाखवलं.

मिस्त्रीने विमानातलं एक पोतं उतरवलं आणि काट्यावर ठेवलं. वजन बघून घेतलं. मग पोतं काढून स्वतः काट्यावर बसला. थोडा कमी भरला. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, त्यात कमी पडेल तेवढी वाळू भरली आणि पोटाशी बांधली. काटा बरोबर आला.

साहेबांनी वाकून काटा स्वतः तपासला. मग मला म्हणाले, "ठीक आहे. माझ्या कागदावर तीन पोती आहेत. हे तिसरं. पण पोतं बोलत नसतं. मी सही करेपर्यंत याने तोंड उघडायचं नाही. पायलटशी नाही आणि माझ्याशी तर नाहीच."

मी मिस्त्रीला सांगितलं. त्याने मान हलवली आणि जाऊन बसला.

विमान पुळणीवरून धावलं, उचललं गेलं, माडांच्या वर गेलं. थळच्या बाजूला वळलं तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर सगळी माणसं होड्या सोडून उभी होती, असं मागाहून कळलं. उस्मानचाचा वाळूत बसून तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होता. शेठजी घड्याळ बघत होते. खरं सांगतो, त्या पंधरा मिनिटांत मी एकदाही डोळा लवू दिला नाही.

विमान उतरलं. पुळणीवर लोण्यासारखं उतरलं. रुस्तम उडी मारून खाली आला आणि साहेबांना म्हणाला, "उत्तम. मुंबईहून आणलं त्यापेक्षा कितीतरी उत्तम." मागून मिस्त्री उतरला. कोणाकडे न बघता बाजूला जाऊन उभा राहिला. ओठ घट्ट मिटलेले. चाचाने त्याला मिठी मारली तरी तो बोलला नाही.

साहेबांनी पेटीवर कागद पसरला, पेन काढलं आणि सही केली. शेठजींचे डोळे भरून आले. पेढ्यांची टोपली उघडली गेली. रेवसला जायचा टांगा बाहेर उभाच होता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, मिस्त्रीकडे वळले आणि पहिल्यांदाच हसून मला म्हणाले, "आता पोत्याला विचारा, काय म्हणायचंय."

मी विचारलं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, डाव्या पंखाची मागची तार ढिली हाय. वलताना थरथरत व्हती. सही खोडा."

शेडमध्ये इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारे आम्ही दोघेच, मी आणि रुस्तम; शेठजींचं इंग्रजी गुड मॉर्निंगपुढे जात नसे. आणि रुस्तम इंजिनापाशी होता. शेठजींनी माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी म्हणाले, "कही दे के आभार माने छे." म्हणजे, आभार मानतोय म्हणून सांगून टाक.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी शेठजींचा हात सोडवला आणि मिस्त्री जे बोलला ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.